पैसा कुणाच्या खात्यातून येतोय, ते आधी बघ

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी औसा तालुक्यातला. बी.एस्सी. झाल्यापासून घरी बसून व्हिडिओ एडिटिंगचं काम करायलोय. परदेशातला एकजण काम देतो आणि पैसे यूएसडीटीत, म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात पाठवतो. साठत साठत ३,००० यूएसडीटी झालेत, मोबाईलमधल्या वॉलेटमध्ये पडून आहेत. आता बोअर पाडायचाय, ठिबक घ्यायचंय, म्हणून ते खात्यात आणायचेत. अ‍ॅपवर एका यूएसडीटीला ९० रुपयांच्या आसपास भाव दिसतो, वर कर कापतात. लातूरचा एकजण टेलिग्रामवर ९५ देतो म्हणतोय. रोख घे नाही तर फोनपेवर घे, पॅन नको, कागद नको, असं त्याचं म्हणणं. बँकेतले साहेब म्हणाले, यावर रिझर्व्ह बँकेची बंदी आहे, खातं बंद होईल. बापू म्हणतेत आधी ताईंना विचार. काय करू?
– एक वाचक, औसा तालुका

उत्तर : तू माझ्या धाकट्याच्या वयाचा असशील, म्हणून अरे-तुरे करते. बापूंनी आधी विचारायला लावलं, हे फार चांगलं केलं.

पहिल्यांदा त्या पाच रुपयांचं बोलू. ३,००० यूएसडीटीवर पाच रुपये जास्त म्हणजे १५,००० रुपये. बोअरच्या केसिंगचा खर्च निघेल एवढी रक्कम, मोह होणारच. पण बाजारात ९० ला उघड मिळणारी वस्तू कुणी ९५ ला का घेईल? त्याच्याकडचे रुपये त्याला लवकरात लवकर दुसऱ्याच्या खात्यात ढकलायचे असतात म्हणून. ते रुपये बहुतेक वेळा कुणीतरी फसवून काढलेले असतात. केरळात किंवा गुजरातमध्ये एखाद्या माणसाला खोटे पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटके'ची भीती घालून किंवा पार्टटाइम कामाचं आमिष दाखवून लुटलेलं असतं. ते पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तुझ्या खात्यात येतात, आणि त्यांच्या बदल्यात तुझे यूएसडीटी निघून जातात. लुटणाऱ्याचा माल देशाबाहेर गेला आणि रुपयांचा माग तुझ्या दारात येऊन थांबला.

तो लुटलेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर फोन करतो. तक्रार नोंदली की पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला ती साखळी बँका शोधतात आणि प्रत्येक खात्यावर होल्ड लागतो. तिसऱ्या, चौथ्या खात्यापर्यंत लागतो. तू चोर नाहीस हे तपासात पुढे निघेल, पण तोवर खातं गोठलेलं. पोलीस ठाणं दुसऱ्या राज्यातलं, तपास अधिकारी फोन उचलत नाही, भाषा वेगळी. मी बँकेत काउंटरला होते तेव्हा अशी लेकरं पुढ्यात येऊन उभी राहायची. एका मुलाच्या खात्यावर संशयाचे आले होते नऊ हजार, पण व्यवहार बंद झाले अख्ख्या खात्याचे, आणि त्याच खात्यात त्याच्या आईचे डेअरीचे पैसे जमा होत होते. बाई दर आठवड्याला यायची, पासबुक पुढे करायची. मला तिला काही देता येत नव्हतं. म्हणून तुला इतकं कळवळून सांगते.

रोख घेतो म्हणशील, तर तीही वाट नको. एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच असतो. तुझी रक्कम त्या हद्दीच्या वर जाते. चार तुकडे करून घेतलीस तरी व्यवहार एकच धरला जाऊ शकतो. नोटा खोट्या निघाल्या तर विचारायचं कुणाला? आणि खऱ्या निघाल्या तरी उद्या बँकेत भरायला गेलास की प्रश्न येणार, एवढी रोकड आणली कुठून. उत्तर देणारा एकही कागद तुझ्याकडे नसणार.

आता बँकेतल्या साहेबांचं. रिझर्व्ह बँकेनं ६ एप्रिल २०१८ ला परिपत्रक काढून बँकांना अशा व्यवहारांना सेवा द्यायला मनाई केली होती, हे खरं. पण सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० ला ते रद्द केलं, आणि ३१ मे २०२१ ला खुद्द रिझर्व्ह बँकेनं बँकांना कळवलं की त्या जुन्या परिपत्रकाचा दाखला ग्राहकांना देऊ नका. क्रिप्टो हे आपल्याकडे चलन नाही, दुकानात देऊन साखर मिळणार नाही. पण जवळ ठेवणं आणि विकणं गुन्हा नाही. साहेबांशी वाद घालू नकोस. ते घाबरतात ते वर सांगितलेल्या गोठलेल्या खात्यांमुळे, आणि त्यांची भीती खोटी नाही. त्यांना पुढे दाखवायला कागद तयार ठेव, एवढंच.

मग सरळ वाट कोणती? तू सोयाबीन लातूरच्या आडतीवर घालतोस तेव्हा पट्टी मिळते. माल कुणाचा, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली, हातात किती, सगळं तिच्यावर असतं. क्रिप्टोसाठी आडतीचं काम नोंदणीकृत एक्स्चेंज करतं आणि तिथला ट्रेड रिपोर्ट हीच तुझी पट्टी. ७ मार्च २०२३ पासून अशा एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला, त्यांना केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे, म्हणजे संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते. निवडताना पहिली चौकशी ही कर. नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी एक्स्चेंजना या युनिटनं डिसेंबर २०२३ मध्ये नोटिसा काढल्या, त्यांत बायनान्ससारखं मोठं नावही होतं. त्यांची संकेतस्थळं इथं बंद करण्यात आली. बायनान्सनं पुढे नोंदणी केली आणि दंडही भरला. सांगायचं म्हणजे, नाव मोठं आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

खातं उघडताना आधार, पॅन, सेल्फी आणि बँकेचं खातं लागतं. बँक खातं तुझ्याच नावाचं हवं, बापूंचं चालणार नाही, पतसंस्थेतलं बचत खातंही उपयोगाचं नाही. एक्स्चेंज आधी एक रुपया टाकून नाव जुळतं का बघतं. आपल्याकडे इथंच घोडं अडतं. आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, पॅनवर नुसती अक्षरं, आणि गावच्या शाखेतल्या जुन्या पासबुकावर आडनावच नाही. हे आधी दुरुस्त करून घे, दोन-तीन चकरा पडतील पण पुढची अडचण वाचेल.

आणखी एक, जे तुला अ‍ॅपवाला सांगणार नाही. ज्या बँकेत तुझं पीककर्ज थकलेलं आहे त्या बँकेत हे पैसे आणायच्या आधी विचार कर. थकबाकीपोटी बचत खात्याला होल्ड लावल्याचं आपल्या भागात किती शेतकऱ्यांनी सोसलंय, तुला वेगळं सांगायला नको. कर्ज बुडव असं मी म्हणत नाही. पण बोअरचे पैसे बोअरलाच जायचे असतील तर ते खातं वेगळं असू दे.

आता वॉलेटमधून एक्स्चेंजवर माल हलवायचा. इथं घाई करू नकोस, कारण चुकलेलं परत येत नाही, यात बँकेसारखी तक्रार खिडकी नसते. यूएसडीटी वेगवेगळ्या नेटवर्कवर, म्हणजे पाठवायच्या वेगवेगळ्या वाटांवर चालतात. तुझे ट्रॉनवर असतील तर पत्ता इंग्रजी टी अक्षरानं सुरू होतो, इथेरियमवर असतील तर शून्य आणि एक्सनं. एक्स्चेंजवर पैसे घेताना तेच नेटवर्क निवड. दहा यूएसडीटी आधी पाठव, पोचल्याचं बघ, मगच बाकीचे. पत्ता हातानं टाइप करू नको, कॉपी कर, आणि चिकटवल्यावर पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं डोळ्यांनी ताडून बघ, कारण कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात. आणि वॉलेटची किल्ली असलेले ते बारा किंवा चोवीस गुप्त शब्द कुणी, अगदी मदत करतो म्हणणाऱ्या मित्रानंही मागितले तरी द्यायचे नाहीत.

पोचले की विक, रुपये झाले की लगेच बँकेत काढ. आयएमपीएस किंवा एनईएफटीनं येतात. तिथे ठेवून भाव वाढायची वाट बघू नकोस. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजवरून २३ कोटी डॉलरच्या आसपास चोरी झाली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले. त्या ग्राहकांची काहीच चूक नव्हती. तुला तर बोअरवाल्याला तारीख द्यायची आहे.

त्याच अ‍ॅपवर तुला पी-टू-पीचा पर्याय दिसेल, म्हणजे थेट एका अनोळखी माणसाला विकणं. भाव थोडा बरा असतो. तुझ्यासारख्यानं त्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कारण पुन्हा तेच, रुपये कुणाच्या खात्यातून येतील ते तुझ्या हातात नाही. अ‍ॅपवर नाव एकाचं आणि पैसे दुसऱ्याच्याच खात्यातून, हा तिथला नेहमीचा प्रकार.

आता कराचं, कारण लेकरं याच भीतीनं टेलिग्रामकडे वळतात. २०२२ च्या अर्थसंकल्पानं दोन गोष्टी आणल्या. विकताना एक टक्का टीडीएस, म्हणजे जागेवरच कापून सरकारकडे भरला जाणारा कर, आणि नफ्यावर ३० टक्के कर, वर त्या कराच्या चार टक्के सेस म्हणजे उपकर. तुझ्या आकड्यांवर मांडून दाखवते. ३,००० यूएसडीटी ९० नं विकले, २,७०,००० झाले. टीडीएस २,७०० कापला जाईल. एक्स्चेंजचं कमिशन आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा, पण ती रक्कम किरकोळ. हा टीडीएस बुडत नाही, तुझ्या पॅनवर जमा दिसतो, आयकराच्या साइटवर फॉर्म २६एएसमध्ये बघायला मिळेल.

नफा म्हणजे २,७०,००० सगळे नाहीत. ते यूएसडीटी तुला कामाचा मोबदला म्हणून मिळाले. ज्या ज्या दिवशी आले त्या दिवशीच्या भावानं ते तुझं कामाचं उत्पन्न. समजा सरासरी ८६ रुपये पडले, तर २,५८,००० हे कामाचं उत्पन्न आणि तीच तुझी खरेदी किंमत. ९० ला विकल्यावर नफा राहिला १२,०००. त्यावर ३,६०० कर आणि १४४ सेस, एकूण ३,७४४. त्यातले २,७०० आधीच गेलेत, राहिले १,०४४. कामाचे २,५८,००० तुझ्या नेहमीच्या उत्पन्नात धरायचे, आणि नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कर नसल्यामुळे, दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर त्यावर काही भरावं लागणार नाही. साठलेले यूएसडीटी दोन आर्थिक वर्षांत मिळाले असतील तर मात्र उत्पन्न त्या त्या वर्षात टाकावं लागेल. नफ्याच्या बारा हजारांना ही चार लाखांची सूट लागत नाही, तिथे पहिल्या रुपयापासून ३० टक्के.

बघ, टेलिग्रामवाला ज्या कराची भीती घालतोय तो पावणेचार हजार आहे. पण कामाचं उत्पन्न दाखवलंच नाहीस तर खरेदी किंमत सिद्ध करायला तुझ्याकडे काही उरत नाही, आणि अधिकाऱ्यानं अख्खी रक्कम नफा धरली तर ३० टक्क्यांप्रमाणे ८१,००० होतात. म्हणून त्या परदेशी माणसाचे ई-मेल, कामाची बिलं, प्रत्येक वेळी आलेल्या यूएसडीटीचा व्यवहार क्रमांक आणि त्या दिवशीचा भाव, हे सगळं एका वहीत उतरवून ठेव. रिटर्न आयटीआर-३ मध्ये भरायचं, त्यात क्रिप्टोसाठी व्हीडीए नावाचं वेगळं परिशिष्ट आहे. आयटीआर-१ किंवा ४ चालणार नाही. पहिल्या वर्षी लातुरातल्या सीएकडून भरून घे, आणि हो, क्रिप्टोचं काम पूर्वी केलंय का हे त्यालाही विचार.

पुढचं काम मात्र यूएसडीटीत घेऊ नकोस. परदेशी गिऱ्हाइकाचा मोबदला बँकेमार्फत यावा अशी परकीय चलन कायद्याची रीत आहे. बँकेत आलेल्या परदेशी रकमेचा दाखला मिळतो, उद्या ट्रॅक्टरसाठी कर्ज मागायला गेलास तर तोच उत्पन्नाचा पुरावा होतो. यूएसडीटीची वही घेऊन कुठला मॅनेजर कर्ज देणार?

आणि तो टेलिग्रामवाला आता कदाचित दुसरं काही बोलेल, "विकू नको, नुसतं खातं वापरायला दे, लाखामागं दोन हजार देतो." या भाड्यानं दिलेल्या खात्यांपायी कॉलेजची पोरं आरोपी म्हणून ठाण्यात बसलीत. त्याला ब्लॉक कर आणि गावातल्या दुसऱ्या पोरांनाही सांग.

प्रश्न : मी सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमधून बिटकॉइन ट्रेडिंगचे अ‍ॅप घेतले. सुरुवातीला ४,००० रुपये काढून पाहिले, ते खात्यात आले. नंतर टप्प्याटप्प्याने १,८०,००० गुंतवले. आता अ‍ॅपवर ११ लाख दिसतात. काढायला गेलो तर आधी ३० टक्के आयकर भरा, मग रक्कम मोकळी होईल असे म्हणतात. कर भरण्यासाठी एका व्यक्तीच्या नावाचा खाते क्रमांक दिला आहे. मुलांना अजून सांगितलेले नाही. कर भरावा का?
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : गुरुजी, एक रुपयाही भरू नका. हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय, पण ते ११ लाख कुठेही नाहीत. ते नुसते पडद्यावरचे आकडे आहेत. पहिले ४,००० परत दिले ते तुमचा विश्वास बसावा म्हणून. आता कर भरलात तर पुढे "खातं पडताळणी शुल्क" निघेल, मग "मनी लाँडरिंगची अनामत" निघेल. हे थांबत नसतं.

खरा आयकर कुठलंच अ‍ॅप आधी भरून घेत नाही. विक्रीच्या वेळी एक्स्चेंज एक टक्का टीडीएस विक्रीच्या रकमेतूनच कापतं, तुमच्याकडून वेगळा मागत नाही. बाकीचा कर तुम्ही स्वतः आयकराच्या पोर्टलवरून स्वतःच्या पॅनवर चलन काढून भरायचा असतो. तो कुणा व्यक्तीच्या खात्यात कधीच जात नाही.

हा अंक हातात पडताक्षणी १९३० वर फोन करा. शेवटची रक्कम अलीकडे गेली असेल तर एकेक तास महत्त्वाचा, पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी होल्ड लागला तरच काही हाती लागतं. फोन लागला नाही तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. पैसे ज्या बँकेतून गेले तिथे त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ग्रुपमधून बाहेर पडू नका, अ‍ॅप काढून टाकू नका, आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा : खाते क्रमांक, यूपीआय आयडी, मोबाईल नंबर, तारखा. काही दिवसांनी "तुमचे पैसे परत मिळवून देतो" म्हणणारे फोन येतील, कुणी वकील म्हणवेल, कुणी सायबर अधिकारी. तीही त्यांचीच माणसं असतात किंवा त्यांच्याकडून नंबर विकत घेतलेली.

आणि मुलांना आजच सांगा. तक्रारीच्या कामात तरुण माणूस सोबत लागतो. पोर्टलवर फाइल चढवणं, ठाण्यात पाठपुरावा करणं, हे एकट्यानं ओढवत नाही. ज्यांना तुम्ही शिकवलंत ते आज पोलिसांत, बँकेत, महसुलात असतील, त्यांनाही हाक मारा. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी, तुम्हाला नव्हे.

प्रश्न : बिटकॉइनमध्ये ४०,००० नफा झाला, दुसऱ्या एका कॉइनमध्ये ५५,००० तोटा. म्हणजे एकूण तोटाच. तरी कर लागतो का?
– एक वाचक, जालना

उत्तर : लागतो. शेअरमध्ये तोटा नफ्यातून वजा होतो, पुढच्या वर्षी नेता येतो; क्रिप्टोत दोन्ही नाही. ४०,००० वर १२,००० कर आणि ४८० सेस, एकूण १२,४८० भरायचे, आणि ५५,००० चा तोटा तुमचा तुमच्याकडे. खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्चही वजा होत नाही, इंटरनेटचं बिल नाही की कर्जाचं व्याज नाही. हा नियम छोट्या माणसाला जाचक आहे असं मला वाटतं, आणि बदलावा अशीही माझी इच्छा आहे. पण आज नियम हाच आहे, त्यामुळे नफ्याच्या कॉइनवरचा कर विक्रीच्या दिवशीच वेगळा काढून ठेवा. आपण वर्षभराच्या एकूण हिशेबाला तोटा म्हणतो, आयकर खातं प्रत्येक विक्री सुटी बघतं. कापला गेलेला टीडीएस या १२,४८० मधून वजा करायला विसरू नका.